हा निळा रंग कुणाच्या छातीत जातो?

गेल्या १४ एप्रिलच्या तीन दिवस आधी आपलीच चार पोरं एक खटारा टेम्पो ढकलत माझ्या गॅरेजच्या दारात घेऊन आली. मिरवणुकीची गाडी. दोन्ही बाजूंचा पत्रा खालून सडलेला, दाराला हा एवढा पोचा, मूळ रंग कोणता ते आरटीओलाच ठाऊक. पोरं म्हणाली, "काका, जयभीम. परवा रात्रीपर्यंत निळा करून द्या. झगमग पाहिजे. आरशासारखा." पैशाचं विचारलं तर म्हणाली, "काका, बाबासाहेबांचं काम आहे."

बाबासाहेबांचं काम म्हटलं की माझी जीभ अडते. तुमचीही अडत असेल. मी हो म्हणालो.

त्या एका 'हो'चा हिशेब मांडायला हे लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू दे. आधी मला झोंबलंय.

मी डेंटर-पेंटर. ३२ वर्षं कुर्ल्याच्या गॅरेजांत काढली. त्यातली २२ दुसऱ्याकडं, उरलेली स्वतःच्या शेडमध्ये. शेड म्हणजे भाड्याचा पत्रा, एक शटर, एक कॉम्प्रेसर. मी शेठ नाही, पण पोऱ्या ठेवतो. म्हणजे पोऱ्याच्या वर मीही एक पायरी आहेच. हे आधीच कबूल करतो.

तुम्ही पुस्तकं वाचणारी माणसं, म्हणून तुम्हाला आधी काम सांगतो. आपल्याकडं गट विचारतात, नेता विचारतात, कुठल्या वस्तीतला ते विचारतात. हातानं काय करतोस, हे कुणी विचारत नाही.

सडलेला पत्रा कापायचा. नवा तुकडा मापाला बसवून गॅसनं टाके मारायचे. पोचा काढताना आतून डॉली धरायची आणि बाहेरून हातोडी. जास्त ठोकला तर पत्रा ताणतो, फुगतो, मग बसता बसत नाही. कुठं थांबायचं ते हाताला कळतं. डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला लागतो. मग पुट्टी. सुकली की ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०. मग सर्फेसर. मग पाणीपेपर, ४०० पासून वर. घास घास घासायचं. मग काचांना, रबरांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची आणि गन धरायची. पत्र्यापासून वीतभर लांब. हात सरळ रेषेत, मनगट वळवायचं नाही. जवळ गेली तर रंग ओघळतो, लांब गेली तर संत्र्याची साल होते.

एवढं सगळं करतो त्याला बिलात एक शब्द असतो : लेबर.

पाणीपेपर घासून घासून बोटांच्या रेषा जातात. रेशनच्या मशीनला माझा अंगठा लागत नाही. माझा बाप अंगठा लावायचा म्हणून त्याला अडाणी म्हणायचे. मी शाळेत गेलो, सही शिकलो. आता सरकारला अंगठाच पाहिजे, आणि तो माझ्याकडं राहिलेला नाही.

तर तो टेम्पो. दोन दिवस, दोन रात्री मी आणि माझा भाचा त्याच्यावर होतो. भाचा १९ वर्षांचा, दहावीला दोनदा आपटलेला. बहिणीनं माझ्याकडं सोपवला, म्हणाली, "दादा, ह्याच्या हाताला काहीतरी लाव." १३ तारखेच्या संध्याकाळी रंग मारायची वेळ आली. मला दिवसभर खोकल्याची उबळ, म्हणून गन त्याच्या हातात दिली. मी दिली. शटर खाली ओढलं, कारण रस्त्याची धूळ ओल्या रंगावर बसली की झगमग गेली. पंखा बंद केला, तोही धूळ उडवतो. भाच्यानं निळा रुमाल ओला करून तोंडाला बांधला. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत गळ्यात घालायचा तोच रुमाल. रात्री आठला शेवटचा कोट संपला. बाहेर आला, नाक शिंकरलं, निळं आलं. आम्ही दोघं हसलो.

बाराला पुतळ्याजवळ फटाके फुटले, केक कापला, घोषणा झाल्या. दोनला बहिणीचा फोन. पोरगं खिडकीचे गज धरून उभं होतं. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. वाफ दिली, सुई टोचली. पहाटे पोरगं दोन शब्द बोललं. केसपेपरवर लिहिलं होतं : ब्राँकायटिस. सिगारेट ओढतो का, हे विचारलं. तंबाखू खातो का, हे विचारलं. काम काय करतो, हे कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. गाडी खरंच आरशासारखी झाली होती. तिच्यात मला माझं तोंड दिसलं.

आता डब्यात काय असतं ते ऐका. माझ्या उस्तादाच्या काळात एनसी रंग होता. थिनर उडाला की रंग सुकला. डोकं धरायचं, गरगरायचं, ताडी ढोसल्यासारखं व्हायचं. तोही काही अमृत नव्हता. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या टपांवर आम्ही तोच मारला. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. उस्ताद तिच्या आधी गेला. शेवटची चार वर्षं तो बसून झोपायचा.

आताचा रंग टू-के. पीयू म्हणतात तो. डबे दोन : एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं द्रव्य असतं. दोन्ही मिसळले की रंग रासायनिक क्रियेनं घट्ट आवळतो, म्हणून ती चकाकी. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जो वायू सुटला तो मिथिल आयसोसायनेट. आमच्या डब्यातलं द्रव्य तेच नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण खोटी भीती घालून चळवळ उभी राहत नाही. पण घराणं एक.

हे विष नाकाला कळत नाही. वास येतो तो थिनरचा. गनचा धुरळा खाली बसला, हवा साफ दिसली, तरी बारीक कण तरंगत असतात. नेमकं तेव्हाच आपण रुमाल सोडतो आणि दीर्घ श्वास घेतो. फडकं, कागदी मास्क, कोविडात वाटलेले मास्क, ह्यातलं काहीही त्याला अडवत नाही. कोळशाच्या डबीचा मास्क काही काळ अडवतो, पण डबी कधी संपली हे छातीला कळत नाही. खात्रीचा मास्क एकच : नळीतून स्वच्छ हवा तोंडापर्यंत आणणारा. ब्रिटनचं सरकारी सुरक्षा खातं तिथल्या पेंटरांना हेच सांगतं. गाडी रंगवणाऱ्याला दमा जडायचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट, हेही तेच खातं सांगतं. तिथं बूथ आहेत, हवा ओढणारे पंखे आहेत, तपासण्या आहेत. तरी ८० पट. इथं शटर खाली ओढलेलं असतं.

आणि एकदा का शरीर ह्या द्रव्याला बिथरलं, की पुढं चिमूटभरही सोसत नाही. धंदा सोडला तरी काहींचा दमा सुटत नाही. खूण लक्षात ठेवा : सुट्टीला, गावी गेल्यावर छाती मोकळी, आणि कामावर परतलं की संध्याकाळी, रात्री घरघर सुरू. ही खूण माझ्या अंगावर कितीतरी वर्षं आहे. मी मुंबईच्या हवेला शिव्या देत बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, मग कायदा काय करतो? कायद्याला सगळं माहीत आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारला कळवायलाच हवेत अशा रोगांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा आली. पण हा कायदा माझ्या शटरच्या आत येत नाही. १९४८ साली तो आला तेव्हा विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले तर लागू व्हायचा. २०२० च्या संहितेनं तो आकडा २० केला. गॅरेजात माणसं किती? चार. फार तर पाच. म्हणजे विष मोजायचं नाही, डोकी मोजायची! विसाव्या कामगाराला फुफ्फुसं असतात आणि चौथ्याला काय भाते असतात?

घराच्या भिंतीच्या रंगात शिसं किती असावं, ह्याचा नियम २०१६ साली झाला. चांगलं झालं, लहान पोरं भिंती चाटतात. पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगापुरता. औद्योगिक रंग त्याच्या बाहेर ठेवला. भिंत चाटणाऱ्या पोराची काळजी आहे, रंग गिळणाऱ्या पोराची नाही.

मित्रांनो, आपल्या श्वासाशी हा खेळ आजचा नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? धोट्यातलं सूत तोंडानं ओढून काढावं लागे. अस्पृश्याची थुंकी सुताला लागली तर! त्या खात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ह्याचाच जाब विचारला. तेव्हा जिथं पैसा होता तिथं आपलं तोंड चाललं नाही. आज जिथं विष आहे तिथं आपलं तोंड चालतं. उघडं चालतं. शंभर वर्षांत एवढीच काय ती प्रगती.

काही शहाणे म्हणतात, गॅरेजात जात नसते. अर्धं खरं आहे. माझा उस्ताद मुसलमान. त्यानं माझ्या हातात डॉली दिली, एका ग्लासानं पाणी पाजलं, जात विचारली नाही. शाळेतल्या मास्तरानं जे केलं नाही ते त्यानं केलं. पण जरा वर चढून मोठ्या वर्कशॉपात जा. एसीत काउंटरवर कोण? विम्याचा सर्व्हेअर कोण? रंगाचा डीलर कोण? आणि मागच्या अंगाला, कंत्राटावर, पॅनलमागं पैसे घेऊन गन कोण मारतो? आडनावं वाचा. मग मला सांगा जात कुठं गेली ते.

खंडेनवमीला शेठ लोक हत्यारं धुऊन मांडतात. कॉम्प्रेसरला हळदकुंकू, गनला झेंडूची माळ, समोर नारळ. २२ वर्षं पाहिलं. हत्याराला हार आहे, हत्यार धरणाऱ्याला मास्क नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला रजा मागितली की शेठचं तोंड वाकडं.

आता सरकारही हार घेऊन आलंय. २०२३ च्या १७ सप्टेंबरला केंद्रानं विश्वकर्म्याच्या नावानं योजना काढली. धंदे १८ : सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, टोपल्या विणणारे... यादी वाचली आणि वाटलं, गावचा पाटील चावडीवर बलुतेदारांची हजेरी घेतोय. हत्यारांसाठी १५,००० रुपये आहेत, कर्ज आहे. ज्याला मिळतं त्यानं जरूर घ्यावं. रिकाम्या पोटाला मी तत्त्वज्ञान शिकवणार नाही. पण बापाचं काम पोरानं ओढावं, ह्याला परंपरा म्हणून आरती ओवाळायची? माझा आजा मेलेली ढोरं ओढायचा. काढा त्याचीही योजना!

डेंटर-पेंटर त्या १८ मध्ये नाही. मला त्याचं दुःख नाही. आमचा धंदा कुठल्या पुराणात नाही, कुठल्या देवाच्या बेंबीतून आलेला नाही. तो आम्ही जन्मानं घेतला नाही, हातानं शिकलो. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती माणसांचीच वाटणी करते, आणि तीही त्यांच्या जन्माआधी. ती वाटणी मोडून आम्ही इथं आलो. आणि इथं आम्हाला काय मिळालं? गावात सावलीचा विटाळ होता. इथं श्वासाला किंमत नाही.

आता आपल्या घरात येतो.

आपल्यातले शिकलेले लोक माझ्याकडं गाडी आणतात. आनंद वाटतो, खोटं कशाला बोलू. आपल्या माणसाची गाडी म्हणून एक हात जास्त फिरवतो. परवा एक प्राध्यापक म्हणाले, "अजून ह्याच धंद्यात? शिकला असतास तर..." आणि बिलातले दोनशे रुपये कमी करून घेतले. साहेब, मी शिकलोय. तुमच्या बोनेटवरचा पोचा कुठं होता, ते तुम्हाला आता सापडत नाही, एवढं शिकलोय. शिकणं म्हणजे ह्या वस्तीतून सुटून जाणं, आणि मागं राहिला तो नालायक, हा अर्थ कुणी लावला? सगळी पोरं कलेक्टर होणार नाहीत. सरकारी नोकऱ्या आटत चालल्यात, हे तुम्हीच भाषणात सांगता. मग उरलेल्या पोरांनी कुठं जायचं? ती गॅरेजात येतात. तिथं तुमची चळवळ येते का? येते. गाडी रंगवून घ्यायला येते.

तुमच्या कवितेतही मजूर असतो. तो गटार उपसतो, दगड फोडतो, गिरणीत मरतो. रंग मारणारा त्यात नसतो. त्याच्या अंगावर घाण दिसत नाही ना, रंग दिसतो. रंग लागलेला माणूस तुम्हाला मजेत असल्यासारखा वाटतो.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिला शत्रू आपल्याला पाठ आहे. दुसऱ्याचं नाव काढलं की सभेत जांभया येतात. १९४६ साली कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलं होतं. आणि त्याच माणसाच्या जयंतीसाठी आम्ही मामा-भाचे दोन दिवस, दोन रात्री राबलो, फुकट, शटर ओढून! ही जयंती झाली की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

शेठ लोक म्हणतात, पोरं स्वतःच मास्क लावत नाहीत. हेही अर्धं खरं. एप्रिलच्या उकाड्यात पत्र्याखाली तोंड बांधून पाहा. पॅनलमागं पैसे असले की मास्क म्हणजे उशीर, उशीर म्हणजे तोटा. शिवाय आमची मर्दानगी आहेच. खोकून रंग थुंकणारा तो खरा पेंटर, हे मीही पोऱ्यांना ऐकवलंय. ते शब्द आता मागं घेतो.

मग करायचं काय? मोर्चा नंतर काढू. आधी चार साधी कामं करा.

आपापल्या वस्तीत गन मारणारे किती, ते लिहून काढा. नाव, वय, किती वर्षं, खोकला कधी येतो, सुट्टीत जातो का. एक वही पुरे. ही वही हातात असल्याशिवाय साहेबापुढं उभं राहू नका.

त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. फुंकर मारून छातीची तपासणी होते, ती करायला लावा. आणि केसपेपरवर धंदा लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. गाडीला रंग मारतो, हार्डनर वापरतो, एवढं लिहा म्हणावं. कागदावर नसलेला माणूस आकड्यात येत नाही, आणि आकड्यात नसलेला माणूस कायद्यात येत नाही.

तिसरं. डोकी मोजणं बंद करा, ही मागणी लावून धरा. १९४८ च्या कायद्यात कलम ८५ होतं. कामगार कमी असले तरी सरकारनं ठरवलं तर कायदा लावता येत होता. २०२० च्या संहितेतही धोक्याच्या कामासाठी अशी वाट ठेवलेली आहे. म्हणजे दार आहे, कडीही आहे, उघडायची इच्छा नाही. जिथं हार्डनर उघडतो तिथं एक माणूस असला तरी कायदा, हवेच्या नळीचा मास्क आणि धूर ओढणारा पंखा, असं ठणकावून मागा. नळीला श्वासाचा फिल्टर हवा. कॉम्प्रेसरची तेलकट हवा तशीच छातीत सोडाल तर आगीतून फुफाट्यात.

आणि चौथं. अभ्यासवर्गात एक दिवस हार्डनरचा डबा मधोमध ठेवा. झाकण उघडू नका. त्यावरचा बारीक इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचा आणि मराठीत सांगा. समोर पेंटर बसवा. ज्याच्या छातीत तो डबा जातो त्याला तो वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो त्यानं तो कधी पाहिलेला नाही. आपल्या चळवळीतली दरी मला एवढीच दिसते. ती भरायला पीएचडी लागत नाही.

पुढच्या १४ एप्रिलला गाडी निळी पाहिजे? या. ब्रशनं साधा रंग मारू, चकाकी कमी येईल. नाहीतर निळं कापड ताणून लावू. बाबासाहेबांचा निळा आरशासारखा असलाच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही. आणि आरसाच हवा असेल, तर डीजेच्या वर्गणीतून आधी मास्क आणा, मग शटरला हात लावू. आता बाबासाहेबांचं नाव घेतलंत तरी माझी जीभ अडायची नाही.

भाचा आता गन धरत नाही. डॉली धरतो. पोचे काढायला शिकतोय, हात चांगला आहे. शेजारच्या शेडमध्ये कुणी हार्डनर उघडला की तो न बोलता रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभा राहतो. मिरवणूक त्याच रस्त्यानं जाते. तो तिथं दिसला तर नुसता जयभीम घालून पुढं जाऊ नका. थांबा. काम काय करतोस, विचारा. आणि तो सांगेल ते लिहून घ्या.

जयभीम.